आंब्यावरचं बांडगूळ आणि वर्षभराची छाटणी

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो सांगून येत नाही. दुपारपर्यंत अंग भाजून काढणारं ऊन असतं आणि तासाभरात आभाळ भरून येतं, धुळीचे लोट उठतात, टपोरे थेंब पडायला लागतात, कधी गाराही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामपुरीच्या गल्ल्यांतून चालत गेलं की कुठे ना कुठे गुलमोहराची फांदी रस्त्यात आडवी पडलेली असते. मग घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, की पावसाच्या आत झाड खाली घ्यायला पाहिजे.

खाली घ्यायचं म्हणजे करवत-कोयता घेऊन फिरणाऱ्या कुणाला तरी झाडावर चढवायचं आणि शेंडे उडवायचे. झाड ओकंबोकं होतं आणि घरच्यांना वाटतं, आता दोन वर्षं काळजी नाही. खरं तर काळजी तिथूनच सुरू होते. शेंडा उडवला की खालचे झोपलेले डोळे, म्हणजे सालीतले न फुटलेले कोंब, एकदम जागे होतात आणि एकेका थोटकातून झुपकाभर सरळसोट फांद्या वर धावतात. जुनी फांदी खोडाच्या लाकडात खोलवर रुजलेली असते, ह्या नव्या फांद्या मात्र सालीलगतच्या थरातून फुटलेल्या, वरवर चिकटलेल्या. त्यांच्याखालचं थोटूक आतून कुजत असतं. पुढच्या वळवात सगळ्यात आधी त्याच तुटतात. आणि लोक म्हणतात, बघा, छाटूनसुद्धा मोडलं.

हे सगळं मला आमच्या आंब्याने शिकवलं. घर बांधलं तेव्हा मामंजींनी तो मागच्या अंगणात लावला. रायवळ आहे, फळ लहान पण रसाळ, आणि लोणच्याला त्याच्या कैरीसारखी कैरी नाही. त्याच्या सोबतीला कुंपणाशी सोनचाफा, पुढच्या दारी पारिजातक, फाटकावर बोगनवेल, आणि मधल्या जागेत जास्वंद, मोगरा, गुलाब, एक कागदी लिंबू, कढीपत्ता, शेवगा. मामंजी होते तोवर बाग त्यांच्याच हातात होती. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली.

आंब्याचं काहीतरी बिनसलंय हे सासूबाईंच्या लक्षात आलं. पूर्वेकडच्या एका मोठ्या फांदीला फळ धरेनासं झालं होतं. खालून बघितलं तर पाला भरपूर दिसायचा, त्यामुळे आजार कुठे आहे ते कळेना. शेवटी ओळखीतून एका मामांना बोलावलं. ते मूळचे तासगावकडचे, उमेदीची वर्षं द्राक्षबागेत गेलेली. तिकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री चालते आणि काडीवर किती डोळे ठेवायचे हे मोजून ठरतं. अशा कामात मुरलेल्या माणसाची नजर फांदीआधी डोळ्यावर जाते. मामा झाडाभोवती फिरले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले, मग काठीने एक डहाळी ओढून दोन पानं माझ्या हातात दिली.

"वैनी, ही दोन्ही चुरगाळून वास घ्या."

एकाला कैरीचा ओळखीचा उग्र वास होता. दुसऱ्याला कसलाच वास नव्हता. ते पान जाड, चामड्यासारखं, जरा राखाडी झाक असलेलं.

"ह्यो आंब्याचा पाला न्हाई. बांडगूळ हाय ते. तुमची निम्मी फांदी त्येनं खाल्लीया."

बांडगूळ हा शब्द आपण माणसांसाठी इतका वापरतो की ती एक खरी वनस्पती आहे हे विसरायला होतं. ती पूर्ण ऐतखाऊ नाही. पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न ती स्वतः बनवते. पण मुळं मातीत नसतात, फांदीत घुसलेली असतात, आणि पाणी व क्षार झाडाकडून ओढून घेते. जिथे ती चिकटते तिथे फांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढचा भाग हळूहळू उपाशी राहून वाळतो. तिचा प्रसार करतो फुलटोच्या, अंगठ्याएवढा पक्षी. फळ खातो, पण बी इतकी चिकट असते की ती अंगावेगळी करायला त्याला बूड फांदीवर घासावं लागतं. बी तिथेच चिकटते आणि तिथेच रुजते. आमच्याकडे हा पक्षी सकाळी चिकचिक करत हिंडायचा आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर मध पिणारे शिंजीर पक्षीही येतात. म्हणून सगळ्या गावातलं बांडगूळ संपवावं असं माझं म्हणणं नाही. आपल्या झाडाला ते किती पेलवतं, एवढंच बघायचं.

ते नुसतं ओढून, मोडून काढलं तर उपयोग होत नाही. फांदीच्या आत शिरलेल्या धाग्यांतून पुन्हा फुटतं. गाठीच्या बरंच खाली, निरोगी लाकूड लागेल तिथे फांदी कापावी लागते, आणि तेही त्याची फळं पिकण्याच्या आत. बारीक फांद्यांचा प्रश्न नव्हता. पण पूर्वेची ती फांदी माझ्या मांडीएवढी जाड होती, तिच्यावर ओळीने गाठी होत्या, आणि ती मुळापासून काढण्याशिवाय इलाज नव्हता. मामांनी तिथेच सांगितलं की आता पावसाच्या तोंडावर एवढी जखम करायची नाही. पाऊस ओसरू दे, हवा कोरडी पडू दे.

मधल्या काळात परवानगीचं काम केलं. झाड आपल्या आवारात आहे, आपण लावलंय, तेव्हा कापायला कुणाला विचारायचं, असं पुष्कळांना वाटतं. शहरी भागात तसं नाही. 1975 चा झाडांचं संरक्षण व जतन करणारा राज्याचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणं, कापणं, त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. 2021 च्या दुरुस्तीने तर 50 वर्षं आणि त्यावरच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलंय. आमचा आंबा त्या वयाच्या जवळ आलेला. मी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज दिला. कुठली फांदी, का काढायची, हे लिहिलं. गाठींचे जवळून काढलेले फोटो जोडले आणि काढायच्या फांदीला ज्या जागी काप घ्यायचा तिथे खडूने खूण करून तोही फोटो लावला. पाहणीला माणूस आला तेव्हा त्या खुणेमुळे बोलणं सोपं झालं. "झाडाची छाटणी करणे" एवढंच लिहून अर्ज दिला तर त्यातून काहीही अर्थ निघू शकतो. नेमकी फांदी दाखवली तर देणाऱ्यालाही परवानगी देणं सोपं जातं, आणि कामाच्या दिवशी हाताखालच्या माणसाला "आणखी ही पण घेऊ का" म्हणायला जागा उरत नाही.

पावसाळ्यात मी एक वेगळंच काम करत होते. भाऊसिंगजी रोडला टाऊन हॉलच्या बागेत जायचे आणि जुन्या झाडांवरचे जुने काप बघायचे. हे कुणालाही करता येईल आणि प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. एखाद्या खोडावर सालीचं गोल, जाड ओठासारखं कडं दिसतं, मधे छोटंसं लाकूड उरलेलं, किंवा कडं पूर्ण मिटून नुसती गोल खूण राहिलेली. तो काप बरोबर घेतलेला. जवळच दुसऱ्या झाडाला हातभर थोटूक बाहेर आलेलं असतं, साल सुटलेली, टोकाला अळंबी, बोट घातलं तर भुसा. आणि तिसरा प्रकार म्हणजे खोडाला अगदी सपाट घासून घेतलेला काप. तो दिसायला सगळ्यात नीटनेटका, पण जखम मोठी, आणि सालीचे ओठ फक्त दोन बाजूंनी आलेले, वर-खाली उघडंच.

असं का होतं ते अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो ह्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकात दाखवून दिलं. त्याने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठवर जाते ते तपासलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून जखम झाकतं. फांदी खोडाला मिळते तिथे मुळाशी साल जरा फुगून कडं झालेलं असतं. ही भिंत घालायची तयारी त्या कड्यात असते. थोटूक ठेवलं तर त्याला पान नाही, अन्न नाही, ते मरतं आणि कूज आत ओढून आणतं. खोडाला घासून कापलं तर कडंच निघून जातं. काप घ्यायचा तो कड्याच्या अगदी बाहेरून. मामांनी शिगोचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांनी बोटाने ते कडं दाखवून सांगितलं, "खुंट ठिवला तर सडतंय, अंगाबरोबर घेटलं तरी सडतंय. ही फुगलेली कड हाय न्हवं, ही झाडाची. हिच्या म्होरलं आपलं."

दिवाळीच्या आधी, हवा कोरडी पडल्यावर काम काढलं. मामांबरोबर त्यांचा एक पुतण्या होता. आधी कानशीने करवतीचे दात घासले, पातं स्पिरिटने पुसलं. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण आंब्याचा चीक कातडीला लागला की फोड येतात. चढण्याआधी मामांनी झाडाच्या प्रत्येक बेचक्यात नजर टाकली, कुठे घरटं आहे का म्हणून. नव्हतं. तांबड्या मुंग्यांनी पानं चिकटवून केलेला एक गोळा होता. त्याला त्यांनी हात लावला नाही, वळसा घालून गेले.

फांदीला दोन ठिकाणी नाडा बांधला आणि तो वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन पुतण्याच्या हातात दिला. "फांदी पाडायची न्हाई, उतरवायची," हे मामांचं वाक्य. मग पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या पावभागापर्यंतच. दुसरा वरून, त्याच्या चार बोटं पुढे. फांदी कलायला लागली आणि खालच्या कापापाशी येऊन तुटली. खालचा काप नसता तर वजनाने ती खोडावरची साल खाली लांबवर सोलत गेली असती. फांदी नाड्यावर हळूहळू खाली आली, खालच्या जास्वंदीचं एक पानही दुखावलं नाही. उरलेलं थोटूक हलकं, एका हाताने धरण्यासारखं. तिसरा काप त्याचाच, कड्याच्या बाहेरून, किंचित तिरका. तो घेताना मामा सगळ्यात सावकाश होते. करवत बाजूला ठेवून त्यांनी कडेच्या सालीचे धागे धारदार चाकूने साफ केले आणि मला वर बोलावलं. शिडीवरून बघितलं तर कापलेला पृष्ठभाग पिवळसर, ओला, त्यात एकाही जागी काळा डाग नाही. कूज खोडात शिरलेली नव्हती.

एवढं मोठं घेतलं म्हणून त्या वर्षी आंब्याचं बाकी काहीच घेतलं नाही. फक्त बांडगुळाच्या बारीक फांद्या आणि दोन वाळलेल्या. एका वेळी झाडाचा पाव हिस्सा पाला गेला म्हणजे खूप झालं. पान हेच त्याचं स्वयंपाकघर आहे. शिवाय अचानक ऊन लागलं तर इतकी वर्षं सावलीत असलेली साल भाजून तडकते. आमच्या आंब्याच्या उघड्या पडलेल्या बाजूला म्हणून चुन्याचा पातळ हात दिला.

जखमेला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावली. शाहूपुरीतल्या कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणला. प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. घरासाठी 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरतं. भांडं प्लास्टिकचं घ्यायचं, लोखंडाचं नाही. निम्म्या पाण्यात मोरचूद विरघळवायचा, निम्म्यात चुना फोडून निवू द्यायचा, आणि मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतत ढवळायचं. आकाशी रंगाचा दाट लगदा होतो. त्यात स्वच्छ घासलेल्या खुरप्याचं टोक बुडवून थोडा वेळ धरायचं. टोकावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. त्याच दिवशी वापरायचं. लेप लावला म्हणजे कूज थांबलीच असं नाही, हे शिगोचं म्हणणं मला पटतं. ते काम झाडाचं. पण आपल्याकडे एवढा पाऊस, आणि ताज्या जखमेच्या वासाने येणारा भिरूड, म्हणून आंब्याला तरी मी लेप लावते. डांबर आणि ऑइल पेंट मात्र लावू नये. त्याखाली ओल कोंडून राहते.

भिरूड म्हणजे खोडकिडा. त्याच्यावर पुढचे कितीतरी महिने लक्ष ठेवलं. खोडाच्या बुंध्याशी ताजा भुसा दिसला की वर कुठेतरी भोक आहे असं समजायचं. तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढायची आणि भोक मातीने लिंपायचं.

आता मजुरीचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ह्यावर कुणी बोलत नाही. गावात छाटणीचा सौदा बहुतेक वेळा लाकडावर होतो. "पैसे नकोत बाई, लाकूड नेतो." घरच्यांना वाटतं फुकटात काम झालं. पण ज्याची मजुरी जळणात आहे तो बारीक वाळकी फांदी कशाला घेईल? तो जाड, निरोगी, खोडाजवळची फांदी घेणार. बांडगुळाच्या काटक्यांना बाजारात किंमत नाही. झाडाला जे नको आहे त्याला मोल नाही आणि जे हवं आहे त्यालाच मोल आहे, मग सौदा झाडाच्या विरुद्धच जाणार. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याचं पोट त्यावर आहे. मी मामांना आधीच सांगितलं की मजुरी दिवसाची, रोख, दोघांची, आणि लाकूड आमच्याकडेच राहील. त्यातलं जाड लाकूड एका ओळखीच्या घरी चुलीला दिलं, पाला खड्ड्यात घातला. बांडगुळाचा पाला मात्र वेगळा करून आधी उन्हात पूर्ण वाळवला.

मोठं काम झालं तसं झुडपांकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. त्यांचं प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे आणि ते एका गोष्टीवरून ठरतं, की फूल जुन्या काडीवर येतं का नव्या फुटीवर. गुलाब पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटला. वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या आधी घेतल्या, मग उरलेल्या बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापल्या. उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. दीड महिन्यात फुलं आली. मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडलं, पानं ओरबाडली, काड्या निम्म्यावर आणल्या, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केलं. गुढीपाडव्याला गजऱ्याइतक्या कळ्या होत्या. बोगनवेलीचा एक बहर संपला की पुढच्यासाठी कापायची. पण त्या वेळी तिच्यात शिंजिराचं लोंबतं घरटं होतं, जाळ्या-काटक्यांचं, बाजूला छोटं दार. ती बाजू पिल्लं उडून जाईपर्यंत तशीच वाढू दिली. फाटक थोडे दिवस पूर्ण उघडत नव्हतं, वाकून जायचो.

पारिजातकावरून सासूबाईंशी बोलावं लागलं. त्यांची पहाटेची पूजा त्या फुलांवर चालते आणि त्याला कात्री लावायला त्यांची तयारी नव्हती. "आधी तुमच्या मामंजींनीच कधी लावली नाही," म्हणाल्या. मी फुलं पूर्ण सरेपर्यंत थांबले आणि फेब्रुवारीत, पान गळून आकार उघडा दिसायला लागला तेव्हा, त्यांनाच खुर्ची टाकून समोर बसवलं. त्या बोट दाखवतील ती फांदी घ्यायची. त्यांनी अगदी बरोबर दाखवल्या. आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या. पारिजातकाला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे पुढच्या श्रावणात परडी भरायला काही अडचण आली नाही.

लिंबाला पाणसोट फार येतात. खोडातून सरळ उभ्या वाढणाऱ्या, जाड काट्याच्या, गुळगुळीत हिरव्या फांद्या. फळ नाही, नुसता जोर. त्या कोवळ्या असतानाच काढायच्या. सोनचाफ्याला मी शेंड्यातून कधीच हात लावत नाही. त्याची जागा आधीच ठरवायची होती, ती मामंजींनी तारांपासून लांब निवडली, त्याचा फायदा आज आम्हाला होतोय. कढीपत्त्याचा मात्र शेंडा खुडत राहावा, तो दाटच होतो. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. शेंगा संपल्या की तो कमरेएवढा ठेवून कापला तर वळवात छपरावर पडायची भीती राहत नाही आणि शेंगा हाताशी येतात. म्हणजे एकाला शेंडा तोडणं वाईट आणि दुसऱ्याला चांगलं. सरसकट नियम विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, की आधी झाडाचं नाव सांगा.

तारांजवळच्या फांद्यांना घरच्या माणसाने किंवा मजुराने हात लावूच नये. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. ओल्या फांदीतून प्रवाह येतो, त्यात जीव गेलेले आहेत.

आंब्याची वरची काळजी घेतली, पण बुंध्याशी फरशी होती. पेव्हिंग ब्लॉक पार खोडापर्यंत भिडलेले. ते उपसायला घरात बरीच चर्चा झाली, कारण गाडी तिथेच लागते. शेवटी गाडीची जागा सोडून बाकीचे काढले. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याशी कमी आणि फांद्यांच्या बाहेरच्या परिघाखाली जास्त असतात, त्यामुळे पाणी आणि खत तिथे द्यायचं. आळं तिथवर मोठं केलं, शेणखत घातलं आणि वर उसाचं पाचट अंथरलं. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात, एखादा शेतकरी ओळखीचा असेल तर भारा सहज मिळतो. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल ओलसर राहून कुजते.

पाऊस सुरू झाला तसे त्या कापाच्या आजूबाजूला धुमारे फुटले, तांबूस, लुसलुशीत, मूठभर. मामांनी आधीच बजावलं होतं. बाहेरच्या बाजूला झेपावणारे दोन-तीन ठेवले, बाकीचे अंगठ्याने मोडले. ह्या वयात नखाने तुटतात, करवत लागत नाही. कापाच्या कडेने सालीचा ओठ चारी बाजूंनी सारखा वर यायला लागला होता. मी बोट फिरवून बघितलं, आणि मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "झ्याक."

पूर्वेच्या बाजूला आता ऊन आत येतं, आणि पुढच्या हंगामात आतल्या फांद्यांना मोहोर दिसला, तिथे तो पूर्वी कधी नसायचा. बांडगुळाची दोन बारीक रोपं पुन्हा दिसली. फुलटोच्या येतोच आहे. बोटाएवढी असतानाच फांदीसकट काढली.

हे सगळं शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. वळवाच्या तोंडावर त्यांनी मामांना बोलावलं. गुलमोहर घरावर येतो म्हणून अर्ध्यावर आणायचा होता. लाकूड नेणाऱ्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. मामा गुलमोहराभोवती फिरले, काठीने फांद्या ठोकून आवाज ऐकला, शिडी लावून एक बेचका बघून आले. म्हणाले, "काकू, घरावर येणारी फांदी भक्कम हाय, तिला काय धाड भरली न्हाई. ती मागची वाळलेली तेवढी घ्या, पडली तर तीच पडणार. बाकी झाडाला हात लावू नका." परवानगी हातात आली तशी ती एक फांदी नाड्यावर उतरवली. काकूंनी पूर्ण दिवसाची मजुरी दिली. लाकूडवाल्याला त्यांनीच फोन करून नको म्हणून सांगितलं.